सात नंबरची बारी

१४ एप्रिल

इंदूरच्या सरांनी आज व्हिडिओ कॉलवर माझी ओळख करून दिली, "ये हिमानी की आंटी हैं, लोकल सपोर्ट." मी मान हलवली. त्याचाच राग येतोय. मान का हलवली? आयुष्यभर बुऱ्हाणपूरच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, डबीचं सर्किट माझ्या हातचं, त्यातली पहिली डबी आमच्या जेवणाच्या टेबलावर जोडली गेली, आणि मी लोकल सपोर्ट. जणू चहाच्या ट्रेसाठी मला बोलावलं होतं.

हिमानी नंतर म्हणाली, "मावशी, सर सबको ऐसेच बोलते. मनाला लावून घेऊ नको." हिमानी म्हणजे रश्मीची, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. रश्मीच्या नवऱ्याच्या बदल्या होत्या म्हणून दहावीपर्यंत माझ्याकडेच वाढली. आता इंदूरला या सरांच्या हाताखाली पीएचडी करते. डबीवरच.

बैठक फोपनार गावच्या शाळेच्या ओट्यावर होती. सर पडद्यावरून इंग्रजीत समजावत होते आणि गावातले जुने केळीवाले लोटूभाऊ उघड उघड जांभया देत होते. शेवटी मीच उठले. म्हटलं, थ्री फेज लाइन आली की तुमच्या सगळ्यांच्या मोटरी ऑटोवर एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटर चालतानाच्या कितीतरी पट करंट ओढते. सगळ्यांनी एकदम ओढला की व्होल्टेज बसतं, कोणाचीच मोटर धड फिरत नाही, आणि एक दिवस डीपीतला ट्रान्सफॉर्मर जळतो. डीपी जळली की नवी येईपर्यंत केळी उन्हात उभी. ही डबी स्टार्टरला लावली की मोटर थोडी थांबेल. किती थांबायचं ते डबी रोज नव्यानं चिठ्ठी उचलल्यासारखं ठरवेल. व्होल्टेज खाली गेलेलं दिसलं की समजेल, कोणीतरी सुरू होतंय, अजून थांबावं. म्हणून कोणी कायम पहिला नाही, कोणी कायम शेवटचा नाही.

हे मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पॉलिटेक्निकमध्ये नाही. मधल्या सुटीत नळ एक आणि आम्ही मुली ढीगभर. सिस्टर ॲग्नेसचा नियम होता की दोघींनी एकदम नळाला हात लावला तर दोघींनी मागे जाऊन एक प्रार्थना म्हणायची आणि मग परत यायचं. कोणी भराभर म्हणे, कोणी संथ. त्यामुळे दोघी पुन्हा एकदम येत नसत. ढकलाढकली नाही, रडारड नाही. अजून तो ओल्या सिमेंटचा वास येतो मला.

मग गोदाबाई बोलल्या. तिथल्याच एका शेतकऱ्याच्या, जीवनच्या आई, मागे बसल्या होत्या, पायांनी थकलेल्या. म्हणाल्या, "माह्या मोटरीले लावा. माणसं तर थांबाले शिकली नाहीत, मशीन तरी शिकू द्या." सगळे हसले आणि काम झालं.

डीपीपासून खांबाच्या क्रमानं नंबर दिले. लोटूभाऊंची दोन, जीवनची सात. हिमानीची एकच अट होती, डबीला कोणी हात लावायचा नाही. मी तिला सांगितलं, माझी माणसं आहेत, शब्द मी देते.

२२ एप्रिल

चालतंय. रोज सकाळी लाइन आली की मी पडद्यासमोर बसते. प्रत्येक डबीत सिमकार्ड आहे, मोटर कधी सुरू झाली ते इंदूरला आणि माझ्याकडे कळतं. आज पाच नंबर पहिली, मग नऊ, मग दोन. व्होल्टेजची रेघ थोडी वाकते आणि सावरते, वाकते आणि सावरते. बघत राहावंसं वाटतं.

आमचे यजमान विनायक म्हणाले, "रिटायर झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात. तू मोटरी सांभाळतेस." म्हटलं, मोटरी उलट उत्तर देत नाहीत. ते म्हणाले, "म्हणूनच."

हिमानीनं सरांचा मेसेज पुढे पाठवला, "व्हेरी क्लीन डेटा." माझं नाव कुठेच नाही. असो.

३ मे

सात नंबर आज पुन्हा पहिली. कालही होती. लाइन आली त्याच क्षणी सुरू, थांबणं नाहीच. चिठ्ठीत एखाद्याचं नाव दोनदा निघू शकतं, पण सात थांबतच नाही. म्हणजे डबीला बायपास केलंय. स्टार्टरला थेट वायर जोडली आहे.

जीवननं. ज्याच्या आईनं पहिला होकार दिला, त्यानं.

संध्याकाळी हिमानीचा फोन आला. म्हणाली, "मावशी, सात नंबरबद्दल एक सांगायचं होतं." मी म्हटलं, मला माहीत आहे, तू आधी मागच्या आठवड्याचा ग्राफ पाठव, मग बोलू. ती म्हणाली, "अगं, पण." मी म्हटलं, ग्राफ. पाठवला तिनं. बघता बघता जेवायचं राहिलं, बोलायचंही राहिलं.

५ मे

जीवन फोन उचलत नाही. लोटूभाऊंना लावला.

"जीवन घरीच हाये मॅडम. सध्या बाहेर निघत नाही."

निघेल कसा, तोंड दाखवायला जागा हवी ना. मी म्हटलं, मी उद्या येते, मला सात नंबर बघायची आहे.

लोटूभाऊ म्हणाले, "उद्या नका येऊ. थेट मंगळवारी या."

"मंगळवारी काय आहे?"

"तुमाले माहीतच हाये ना," म्हणाले, आणि लाइन कट झाली का त्यांनी केली, कळलं नाही.

मला माहीत आहे. मंगळवारपर्यंत वायर काढून सगळं जसं होतं तसं करून ठेवतील आणि मला गूळपाणी देतील. मी कोणी कालची पोर आहे का? वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलला मुलं फ्यूज उडवून चेहरे कसे निरागस करतात ते मी जन्मभर पाहिलंय.

आणि वाईट कशाचं वाटतं तर लोटूभाऊंचं. त्यांची स्वतःची दोन नंबर हल्ली सगळ्यात शेवटी चालू होते, लाइन येऊन कितीतरी वेळ झाल्यावर, म्हणजे ऑटो बंद ठेवून हातानं. सात नंबरवाला पुढे घुसतो आणि हे बिचारे मागे राहून त्यालाच सांभाळून घेतात.

७ मे

सहन होईना. सकाळी फोपनारच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. जसंच्या तसं इथे उतरवते, म्हणजे नंतर मी माझ्याच शब्दांना फिरवायला नको.

"सात नंबर रोज सगळ्यांच्या आधी सुरू होते. ही दुसऱ्यांच्या बारीची चोरी आहे. चोराला गाव सांभाळून घेत असेल तर गावानंही लाज बाळगावी. आपण शब्द दिला होता. — सुलभा"

सगळ्यांनी वाचलं. निळ्या खुणा आल्या. दुपारी जीवन ग्रुप सोडून गेला. मग लोटूभाऊ. मग आणखी काही जण, एकामागून एक, थांबून थांबून, अगदी डब्या सुरू होतात तसे.

विनायक म्हणाले, "चोर शब्द नको होता."

"मग काय म्हणायचं? महाशय?"

"फोपनार काय लंडनला आहे का? स्कूटर आहे. जाऊन बघायचं."

मी म्हटलं, मला मंगळवारचं आमंत्रण आहे. ते पेपर घेऊन गॅलरीत गेले.

९ मे

हिमानीनं शोधनिबंधाचा कच्चा मसुदा पाठवला. महिनाअखेर पाठवायचा आहे. त्यात सात नंबरवर एक अख्खा भाग आहे. जी मोटर थांबत नाही तिला त्यांच्या शास्त्रात 'सेल्फिश नोड' म्हणतात. म्हणजे आपमतलबी. एक आपमतलबी शिरला तरी बाकीच्या डब्या एकमेकींना सांभाळून घेतात आणि डीपी वाचते, असं तिनं दाखवलंय. सर खूश आहेत म्हणे, असा खरा लबाड प्रयोगशाळेत मिळत नाही.

बरं झालं. निदान कागदावर तरी त्याला त्याच्या नावानं हाक मारली. लेखकांत माझं नाव तिसरं आहे. दोनदा वाचलं.

१३ मे

घरी आल्या आल्या लिहायला बसलेय.

मंगळवार म्हणून गेले. पिशवीत टेस्टर, पक्कड आणि सात नंबरचा छापलेला ग्राफ. इतवारा बाजारातून मुद्दाम रंगीत प्रिंट काढून घेतली होती, लाल रेघ ठळक दिसावी म्हणून. जीवनच्या दारात मांडव होता. बाहेर चपला. आत बायका पोळ्या लाटत होत्या.

मला पाहून त्या बाजूला सरकल्या. एकीनं पाट दिला. म्हणाली, "आल्या मॅडम, बरं झालं. मामींनी लई नाव काढलं तुमचं." भिंतीशी फोटो होता, हार घातलेला. गोदाबाई.

तेरावं होतं.

मी तिथे बसले. पिशवी मांडीवर. त्यांना वाटलं मी जेवायला आले. ताट वाढलं. जीवन वाढायला आला, डोकं भादरलेलं, माझ्याकडे न बघता भात वाढला, वरण वाढलं, पुढे गेला. मी जेवले. नाही म्हणता येत नव्हतं. पिशवीतला कागद गुडघ्याला टोचत होता.

नंतर लोटूभाऊ मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. मी विचारलं, वायर कोणी जोडली?

"म्या."

"का?"

"सुतकाच्या घरचं कोणी वावरात जात नाही मॅडम. तेरा दिवस त्यांच्या केळीले पाणी आम्ही देतो. आधी त्यांचं, मग आपलं. हे काय आजचं हाये का? माह्या बापाच्या वक्तालाही मोट सुतकाच्या घराचीच आधी चालायची. डबी म्हणे कोणाचीही बारी कधीही. मग मी सातची वायर थेट केली. तिथलं पाणी धरायचं, मग माह्या वावरात यायचं."

म्हणून दोन नंबर शेवटी. हातानं.

मी म्हटलं, मला सांगायचं होतंत.

"तुम्ही नाही म्हटलं असतं. मग तुमचं ऐकावं लागलं असतं." मग म्हणाले, "आणि सांगतलं व्हतं ना. हिमानीबाईले फोन केला, बाई गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी. ती म्हणे, मावशीले सांगते मी. आम्हाले वाटलं तुमाले ठाऊक हाये. ठाऊक असून चोर म्हणता."

मी काय बोलले ते आठवत नाही. माफी मागितली बहुतेक. ते म्हणाले, "माह्याजवळ नका मागू." जीवन दारातून आत निघून गेला होता.

हिमानीला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

१४ मे

फोनवर झालं ते असं.

मी विचारलं, तुला माहीत होतं?

"हो. मी सांगायलाच फोन केला होता. तू म्हणालीस आधी ग्राफ."

"आणि त्यानंतर तुझे फोन बंद पडले का?"

मग म्हणाली, "सरांना बोलले. ते म्हणाले, मावशीला आत्ता नको सांगू, ती जाऊन वायर काढून टाकेल. जे चाललंय ते चालू दे, अशी केस परत मिळणार नाही. मला वाटलं दहा-बारा दिवसांचा प्रश्न आहे. तू ग्रुपवर असं लिहिशील हे मला काय माहीत?"

"आणि सेल्फिश? गोदाबाईंची केळी जगावी म्हणून लोटूभाऊंनी स्वतःचं पाणी मागे ठेवलं. यात सेल्फिश कोण आहे?"

"मोटर," ती म्हणाली. "मावशी, तो टेक्निकल शब्द आहे. सब लोग वही लिखते हैं. माणसाबद्दल नाहीये तो."

"मग खरं काय झालं ते लिही."

"पानं ठरलेली असतात. सुतक काय, तेरावं काय, हे समजावायला जागाच नाही. सर म्हणतात रिव्ह्यूअर गोंधळतील."

"गोंधळू देत."

"तू तर चोर लिहिलंस," हिमानी म्हणाली. "मी निदान मोटरला बोलले."

मी फोन ठेवला. सोल्डरिंग आयर्न धरायला मी शिकवलं हिला. फ्रॉकला भोक पडलं तर रश्मीला कळू नये म्हणून मीच रफू केलं. आणि ही मला शब्द मोजून दाखवते.

विनायकांना सांगितलं. वाटलं म्हणतील पोरगी वाया गेली. म्हणाले, "तुझ्यावरच गेलीय."

१७ मे

लोटूभाऊ स्वतः आले. केळीची गाडी घेऊन बुऱ्हाणपूरच्या मंडीत आले होते, तिथून आमच्या घरी. चहा घेतला, पण पाठ न टेकता, पाहुण्यासारखे बसले. याआधी कधी असे बसले नाहीत.

"गावात बसलो व्हतो. डबी राहू द्या असं ठरलं. यंदा डीपी जळली नाही, ते खरं हाये. पण ती इंदूरले सांगते ते बंद करा."

"ते कशाला?"

"थांबते ते चांगलं. पण चुगली करते ना. कोणाच्या घरी मयत, कोण पहाटे उठलं नाही, कोणाची मोटर चार दिवस बंद, सगळं तिथं बसून दिसते. आम्ही एकमेकांले पाहतो ते वेगळं. चार नंबरवाला तर म्हणे काढूनच टाका, मीच थांबवलं. उद्या रात्री मी जेवलो का नाही तेही लिहाल."

मी म्हटलं, तसं नाही हो, हा अभ्यास आहे, जूनअखेरपर्यंत तरी. ते म्हणाले, "तुम्ही आमचा शब्द दिला ना हिमानीबाईले? मग आता आमचाच शब्द तिले सांगा."

हिमानीला कळवलं. ती घाबरली, आवाजावरून कळतं मला. जूनपर्यंतची नोंद नसेल तर तिचा प्रबंधाचा मधला भागच पडतो, नवं गाव शोधायचं, नव्या डब्या, आणखी एक वर्ष. सर दुसऱ्या विद्यार्थ्याला पुढे करतील. "मावशी, फक्त दीड महिना. मैं उनसे बात करूँ क्या?"

म्हटलं, तू बोललीस ना एकदा. पुरे झालं.

१८ मे

काही ठरत नाही. सकाळपासून हिमानीची जुनी वही सापडली म्हणून कपाट आवरत बसले आणि आवरलं काहीच नाही. ती सातवीत असताना विचारायची, मावशी, रेडिओला कसं कळतं कोणाचा आवाज आधी घ्यायचा? मी तिला नळाची गोष्ट सांगितली होती. तीच पुढे जाऊन तिचा प्रबंध झाली. तिच्याशिवाय ही डबी माझ्या टेबलावरून खाली उतरली नसती, हे मला माहीत आहे.

आणि तरी राग जात नाही. सरांवर आहे, तिच्यावर आहे. सगळ्यात जास्त कोणावर आहे ते लिहायचं तर लेखणी दुसरीकडे वळते.

तिनं दुपारी मसुदा पुन्हा पाठवला. सेल्फिश तसाच. खाली एक नवी ओळ, बारीक अक्षरात: सात नंबरचा बायपास स्थानिक कारणांमुळे होता. स्थानिक कारणं. लोकल. या लोकांना एवढा एकच शब्द येतो.

उत्तर पाठवलं: माझं नाव काढ.

२१ मे

आज काम संपवलं.

सकाळी विनायकांनी स्कूटरवरून फोपनारला सोडलं. लोटूभाऊंकडे निरोप दिला होता की डबी राहील, सिमकार्डं मी काढते. डब्या खांबांवर उंच आहेत, म्हणून शिडी घेऊन जीवन आला. डोक्यावर बारीक केस आलेत. मी म्हटलं, जीवन, ग्रुपवर लिहिलं ते चूक होतं, तसं मी तिथेच लिहीन. तो म्हणाला, "शिडी इकडून लावू का तिकडून?" मी म्हटलं, इकडून.

एक नंबरपासून सुरुवात केली. डबीचं झाकण उघडायचं, सिम काढायचं, झाकण लावायचं, पुढचं वावर. लाइन होती, मोटरी चालू होत्या, पाण्याचा आवाज केळीत सगळीकडे. चारपाशी हिमानीचा फोन आला.

"मावशी, एक ते तीन बंद पडलेत. लाइन गेली का?"

"लाइन आहे. मी काढतेय."

मला वाटलं रडेल. ती फक्त म्हणाली, "पाच मिनिट थांब. आत्तापर्यंतचं सेव्ह करू दे. प्लीज."

मी चार नंबरचं झाकण उघडलेलंच होतं. पेचकस सिमच्या स्क्रूवर होता. फोन स्पीकरवर, जीवन शिडी धरून खाली उभा. त्यानं ऐकलं. सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, "थांबा ना मॅडम. आतापर्यंतचं तिचं हाये. घेऊ द्या तिले."

ज्याला मी सगळ्या गावासमोर चोर म्हटलं तो.

मी शिडीवर उभी राहिले. ऊन डोक्यावर, गुडघे दुखत होते, आणि राग अजून तेवढाच होता, पण उभी राहिले. पलीकडून हिमानीच्या बोटांचा कीबोर्डवरचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "झालं."

मी सिम काढलं.

"मावशी," ती म्हणाली, "शेवटच्या आवृत्तीत मी सात नंबरवर अर्धं पान लिहिलंय. सर नाही म्हणतायत. त्यांच्याशी भांडायच्या आधी मला तुझ्याशी बोलायचंय. आहेस का?"

मी म्हटलं, "आधी हे संपवू दे," आणि फोन खिशात टाकला.

पाच झालं, सहा झालं. सातला जीवननं झाकण स्वतः उघडून दिलं. शेवटच्या खांबापर्यंत दुपार झाली. परत येताना विनायकांनी विचारलं, हिमानीचा फोन होता का? म्हटलं, होता. काय म्हणाली?

मी म्हटलं, काहीतरी बोलायचं होतं तिला. ३ मेलाही होतं, तेव्हा मी म्हटलं होतं, आधी ग्राफ.